घुबड डोळे मिटून पाणी पितं

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आत्या,

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. दुसरं पुस्तक निम्मं झालंय, असं मी लिहिलं होतं. निम्मं झालेलं नाही. सात पानं झाली आहेत. त्यातलं एक शीर्षकाचं आणि एक अर्पणपत्रिकेचं. उरलेल्या पानांत एक बदक तळ्याकाठी उभं आहे आणि ते अजून पाण्यात उतरलेलं नाही.

पत्र पेटीत टाकल्यावर वाटलं, जाऊ दे, आत्याला कुठे कळणार आहे. पण चैन पडेना. मग त्या पत्रातली बाकीची वाक्यंही मनातल्या मनात तपासून काढली. 'बाबा तुझी आठवण काढतात' असंही एक लिहिलं होतं. बाबांनी तुझं नाव घेतलेलं मी ऐकलेलं नाही. एकदा माळा आवरताना तुझी जुनी छत्री निघाली, ती त्यांनी टाकू दिली नाही, एवढंच. छत्रीला आठवण म्हणता येईल का, ते मला ठरवता आलं नाही, म्हणून जे घडलं तेवढंच लिहिते.

पुस्तक १७ मार्चला द्यायचं आहे. नाही दिलं तर पुढच्या वर्षीच्या मालिकेतली माझी जागा दुसऱ्या कुणाला जाईल. संपादिकाबाई हे रागावून बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी समजावून सांगितलं. एकदा जागा गेली की मी कोण उरते, ते मला दिसतंय. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसणारी, जिने म्हणे कधीकाळी लहान मुलांसाठी एक पुस्तक लिहिलं होतं.

आता खरं कारण. मी अडले ती घुबडापाशी.

माझ्या पहिल्या पुस्तकाच्या शेवटी 'तुम्हाला ठाऊक आहे का?' असं एक पान आहे. पुस्तक मिळाल्याचं तू कळवलंस आणि 'छान छापलंय' असं लिहिलंस. आतल्या मजकुराबद्दल अवाक्षर नाही. त्या पानावर मी लिहिलंय, घुबड नेहमी डोळे मिटून पाणी पितं, कारण पाण्यात आपलंच तोंड दिसलं की ते दचकतं. नोव्हेंबरात एका शिक्षकांचं पत्र आलं. त्यांच्या वर्गातली मुलं विचारतात, हे कुठे लिहिलंय? संपादिकाबाईंनी माझ्याकडे आधार मागितला. मी ऐटीत म्हटलं, देते की! पक्ष्यांवरची मिळतील तेवढी पुस्तकं चाळली. ग्रंथालयातल्या बाई मला पाहिलं की 'आज पण घुबडच का गं?' म्हणायला लागल्या. कुठेही नाही. आणि मग एका दुपारी, जिना चढता चढता, मला आठवलं. हे मी वाचलेलं नाहीच. हे मला सांगितलेलं आहे. स्वयंपाकघराच्या ओट्याशी, तू वाटाणे सोलत होतीस आणि मी त्यातले खात होते.

संपादिकाबाईंना जाऊन सांगितलं.

'माझी आत्या मला घरी शिकवायची,' मी म्हटलं. 'सारखा खोकला असायचा म्हणून चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. आत्या रोजच्या धड्यात एक खोटी गोष्ट मुद्दाम मिसळायची. दिवे लागायच्या आत मी ती पकडायची. पकडली की मी जिंकले.'

'आणि नाही पकडली तर?'

'तर ती तशीच राहायची.'

'तशीच म्हणजे? डोक्यात?'

'हो.'

त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं. 'मग अशी किती आहेत तिथे अजून?'

त्यांनी सहज विचारलं, आत्या. थट्टेनेच. पण त्या दिवसापासून मी लिहायला बसले की प्रत्येक वाक्याला ओळखपत्र मागते. बदक तळ्यात उतरलं, असं लिहिते आणि थबकते. बदकं चालत उतरतात की उडी मारतात? मला कोणी सांगितलं? तूच ना?

तर माझी एक मागणी आहे. मी न पकडलेली खोटी सांगून टाक. सगळी. म्हणजे मी मोकळी होईन आणि बदकही.

तुझी,
वकील
(हे नाव अजून चालतं ना? इतर कोणी मला तसं म्हणत नाही.)


गुरुवार, १३ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र दुकानाच्या पत्त्यावर आलं. बाबांनीच ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं, पत्त्याची बाजू खाली करून. अक्षर ओळखल्याशिवाय कोणी पत्र असं पालथं ठेवत नाही.

चार ओळी! 'वकीलबाई, आरोपी आपणहून कबुलीजबाब देत नसतो. मी बरी आहे. वसतिगृहात शंभरावर मुली आहेत, मी त्यांची रेक्टर, आणि माझ्या धाकाने सगळ्या दहाच्या ठोक्याला झोपतात. बदकाला ढकल.'

सगळ्या दहाला झोपतात, हे खोटं. पकडलं. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, 'बदकाला ढकल, हे मात्र अगदी खरं सांगितलंय हो तिने.'

ढकलायचे प्रयत्न मी केले नाहीत असं समजू नकोस. एका कार्यशाळेला जाऊन आले. तिथल्या एक अनुभवी बाई म्हणाल्या, लहान मुलांसाठी लिहायचं तर उठल्या उठल्या लिहायचं, तोंडसुद्धा धुवायचं नाही, तेव्हा मन बाळासारखं असतं. मी तसं केलं. माझं मन त्या वेळी बाळासारखं नसतं, पेंगुळलेल्या कारकुनासारखं असतं. दुसऱ्यांनी सांगितलं, बरणीत शब्दांच्या चिठ्ठ्या टाका आणि रोज एक काढा. मला 'परंतु' आला. मग संपादिकाबाईंनी नेम घालून दिला, रोज पाचशे शब्द, बरे असोत वाईट असोत. आई म्हणाली, 'पाचशे? तेवढे तर तू सुट्ट्या पैशांवरून एका गिऱ्हाइकाशी बोलतेस.' बसले नेमाने. पाचशे शब्द झाले की त्यातले खरे किती ते तपासायची, आणि तपासून झालं की शीर्षक उरायचं.

एक गोष्ट मात्र झाली. तिला यश म्हणू की नको, मला ठरवता येत नाही. तुला सांगते, तू ठरव.

दुकानाला लागून डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी ते मुलांना तपासतात. तपासायच्या आधी डोळ्यांत थेंब घालतात, आणि बाहुली पसरेपर्यंत मुलांना आमच्या दुकानातल्या बाकावर बसवतात, कारण त्यांच्याकडे जागा नाही. तासभर तरी त्या मुलांना जवळचं काही दिसत नाही. पुस्तक नाही, फोन नाही, चित्र काढणं नाही. उजेड बोचतो. चिडचिड, चिमटे, रडारड. आया थकलेल्या. परवा मंगळवारी पाच जण होते आणि एकाने दुसऱ्याच्या कानात चष्म्याची काडी घातली. बाबा आतून ओरडले, 'अगं, जरा बघ त्यांच्याकडे!'

मी काउंटरच्या बाहेर आले आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, 'एक गोष्ट सांगते. पण तीत एक खोटं आहे. पकडा.'

आत्या, मी हे ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. आणि बाक गप्प झाला.

गोष्ट तिथेच जुळवली. चष्मा घरी विसरून बाजारात गेलेल्या एका म्हाताऱ्याची. त्याने टोपी समजून कोबी विकत घेतला आणि डोक्यावर घातला. मला हवं ते खोटं मी बेमालूम मिसळलं होतं. पण एका डोळ्यावर पट्टी लावलेली एक मुलगी बसली होती, आळशी डोळ्याला कामाला लावतात ना, तशी पट्टी. ती म्हणाली, 'खोटं! चष्मा घरी राहिला ना? मग त्याने दुकानाची पाटी कशी वाचली?'

ते मी मिसळलेलं खोटं नव्हतं. ती माझी चूक होती.

'बरोबर,' मी म्हटलं. 'मग कसं गेला तो दुकानात?'

'वासाने,' ती म्हणाली. दुसरा म्हणाला, 'धडकून!' तिसऱ्याला काही सुचलं नाही, तर तो नुसताच 'कोबी, कोबी' करत हसत राहिला.

मुलं एकेक करून आत गेल्यावर मी हाताला लागली ती भिंगांची रिकामी पाकिटं घेतली आणि त्यांच्या पाठीवर ती गोष्ट लिहून काढली. एकदाही आधार शोधायला उठले नाही. बाबांना पाकिटं हवी होती, ते दारात उभे राहिले, बघितलं आणि काही न मागता परत गेले.

तुझी,
वकील


शनिवार, २२ फेब्रुवारी

आत्या,

पाकिटं संपत आली आहेत. बाबांनी न बोलता जास्तीची मागवली आहेत, असं मला वाटतं. विचारलेलं नाही, म्हणून 'वाटतं' लिहिलं.

आता माझा दिवस बाकावर ठरतो. मंगळवारी आणि शुक्रवारी सांगायचं, मुलं आत गेली की लगेच लिहायचं, आणि मधल्या दिवसांत ते नीट उतरवून काढायचं. कुठे कंटाळा आला, हे मुलं तोंडाने सांगत नाहीत. त्यांची चप्पल बाकाच्या पायावर आपटायला लागते. तेवढ्यापुरतं मी नंतर पाकिटावर काट मारते. सुचेना झालं तर पूर्वी मी खिडकीतून बाहेर बघत बसायची. आता विचारते, 'मग पुढे काय झालं असेल?' आणि पाच जण पाच दिशांना ओढतात. त्यातली एक तरी दिशा मला एकटीला कधीच सुचली नसती. बदक पाण्यात उतरलं. पट्टीवाली म्हणाली, 'त्याला बुडायची भीती वाटत नाही, ओलं व्हायची भीती वाटते.' हे इतकं खरं होतं की मी तपासलंच नाही.

पुस्तकही आता दिसू लागलंय. सगळ्या अशाच गोष्टी, प्रत्येकीत एक खोटं. संपादिकाबाईंना चार गोष्टी वाचून दाखवल्या. त्या खूश झाल्या, आणि मी उठता उठता म्हणाल्या, 'शेवटी उत्तरांचं पान देशीलच.' मी लगेच हो म्हणाले. रस्त्यावर आल्यावर मनात हिशोब मांडला. उत्तरांचं पान असलं की मुलं आधी तेच उघडतील आणि खेळ संपेल. आणि नसलं तर? न पकडलेलं खोटं खिशात घेऊन जगात जाणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे.

तुला त्या दिवसाची हकिगत पूर्ण कधी कळली नसेल. शाळेतला माझा पहिलाच आठवडा. बाईंनी प्राण्यांबद्दल विचारलं आणि मी हात वर केला. म्हटलं, कांगारूच्या पिशवीच्या आत आणखी एक लहान पिशवी असते, जुळी झाली तर. बाई आधी हसल्या, मग वर्ग हसला. वर्षभर मला 'पिशवी' म्हणत होते. 'ए पिशवी, डबा कुठल्या कप्प्यात ठेवलास?' असं. घरी येऊन रडले तेव्हा बाबांनी कारण काढून घेतलं. पुढचं तू जाणतेस. मी दाराआडून ऐकत होते. 'पोरीला खोटं शिकवणाऱ्या माणसाला मी घरात ठेवणार नाही.' आणि तू म्हणालीस, 'बरं.' एवढंच. मला वाटलं होतं तू भांडशील.

मी तुझ्यावर रागावले होते का? 'नाही' लिहून खोडलंय, तुला दिसत असेल. हसण्याचा राग नव्हता. राग याचा होता, की अशी आणखी किती आहेत ते न सांगता तू गेलीस. मी कित्येक महिने वर्गात हात वर केला नाही.

हे पत्र इथपर्यंत लिहिलं आणि दुपारच्या टपालात तुझं आलं. या वेळी चार ओळींपेक्षा जास्त. वाचून खुर्चीत नीट बसले. तू लिहितेस, 'राहिलेली सगळी तुझ्या दहाव्या वाढदिवसाला सांगायची, असं मी ठरवलं होतं. तुझ्या बाबालाही मी लहानपणी तसंच केलं होतं. दहा वर्षांच्या माणसाला हिशोब चुकता करून मिळायला हवा. पण घर सोडलं तेव्हा तू साडेनऊची होतीस. आणि नंतर पत्रात लिहायची ती गोष्ट नव्हती, कारण तुझं तोंड बघितल्याशिवाय मला ती सांगता येत नाहीत.'

यातलं खोटं मी शोधलं. सापडलं नाही. बहुतेक या पत्रात तू घातलंच नाहीस.

तुझी,
वकील


शनिवार, १ मार्च

आत्या,

काल जे झालं ते मी आज लिहितेय.

शुक्रवार, म्हणजे मुलांचा दिवस. बाक भरलेला. पट्टीवाली आली ती आईच्या हाताला धरून नाही, आईच्या मागे लपून. आईने पिशवी काउंटरवर आपटली.

'तुम्हीच ना गोष्टी सांगता? काय सांगितलंत हिला? शहामृग पळताना एक डोळा मिटतं म्हणून, धूळ एकाच बाजूने येते म्हणून! वर्गात उभं राहून सांगितलं हिने. सगळी पोरं हसली. घरी येऊन जेवली नाही. डोळे तपासायला पाठवतो आम्ही, खोटं शिकायला नाही!'

आत्या, ती खरं बोलत होती. ते मीच सांगितलं होतं, आणि डॉक्टरांकडून मुलांना हाका सुरू झाल्या म्हणून त्या दिवशी ते पकडायचं राहून गेलं होतं. मला नऊ वर्षांची मी दिसत होते. आणि आतल्या खोलीत भिंग घासायचं यंत्र बंद झाल्याचं ऐकू आलं. बाबा बाहेर येत होते. म्हटलं, संपलं. आता मुलं उठून दवाखान्यात परत जाणार, आणि पुस्तकही त्यांच्याबरोबर.

बाबा हात पुसत आले. 'बसा,' म्हणाले.

'बसायला नाही आले मी. तुमच्याकडे मुलांना खोटं सांगतात का, एवढं सांगा.'

'हो, सांगतात,' बाबा म्हणाले. 'ती आधी बजावून सांगते की यात एक खोटं आहे. पकडलं नाही तर इथे येऊन विचारायचं. मंगळवारी असते, शुक्रवारी असते. दुकान काही कुठे पळून जात नाही.' मग ते वाकले आणि पट्टीवालीला म्हणाले, 'विचार तिला. विचारायला आलीस ना?'

ती आईच्या मागून अर्धीच बाहेर आली. 'कुठलं होतं?'

'शहामृगाचंच,' मी म्हटलं. 'ते पळताना डोळा मिटत नाही. ते मी बनवलं होतं.'

'मला वाटलंच होतं,' ती म्हणाली. 'पण मला ते आवडलं होतं. म्हणून पकडलं नाही.'

आईला हसू आलं. ते तिला आवडलं नाही, पण आलं. 'म्हणजे तुला ठाऊक होतं, आणि तरी जाऊन वर्गात सांगितलंस? धन्य आहे!' मग मला म्हणाली, 'तुम्ही आधी बजावता, हे हिने सांगितलं नव्हतं. सोयीचं तेवढंच सांगते, बापावर गेलीय.' आणि बसली. त्या दिवशीची पूर्ण गोष्ट ऐकून गेली. त्यातलं उंटाचं खोटं तिनेच पकडलं आणि टाळ्या वाजवल्या.

दुकान रिकामं झाल्यावर मी आत गेले. बाबा एकाच भिंगावर फडकं फिरवत होते.

'बाबा,' मी म्हटलं, 'घुबडाबद्दल तुम्हाला सांगायचंय. पहिल्या पुस्तकात ते चुकीचं छापलं गेलंय. ते खरं नाही.'

'माहीत आहे.'

'केव्हापासून?'

'सात वर्षांचा होतो तेव्हापासून. ताईने मलाही तेच सांगितलं होतं. मी पकडलं होतं.' याचा त्यांना अजून अभिमान आहे, आत्या. आवाजात कळत होता.

'पण प्रुफं तुम्हीच वाचलीत की! स्वल्पविरामापुढची जागासुद्धा दुरुस्त केलीत. मग हे का नाही खोडलंत?'

ते भिंग उजेडात धरून बघत राहिले. पाव नंबरची चूक असली तरी अख्खा चष्मा परत करणारा माणूस. म्हणाले, 'तेवढंच एक तिचं होतं त्यात.'

मग मी तुझं पत्र काढून त्यांना वाचून दाखवलं. दहाव्या वाढदिवसाचं. ऐकताना त्यांनी भिंग खाली ठेवलं. मध्येच एकदा म्हणाले, 'मला तिने दहा सांगितली होती. त्यातली दोन मला आधीच कळली होती, पण मी तिला तसं सांगितलं नाही.' मी उठून निघाले तेव्हा म्हणाले, 'तिचा नंबर काय आहे आता?'

'फोनचा?'

'चष्म्याचा, गं. या वयात वाढला असेल. जवळचा वेगळा लागत असेल. कुठल्या दुकानात करून घेते, काय माहीत. काहीही गळ्यात मारतात लोक.'

तर तुझा नंबर कळव.

तुझी,
वकील


सोमवार, १० मार्च

आत्या,

तुझा नंबर बाबांना दिला. 'डाव्याचा चुकीचा आहे,' म्हणाले, न तपासता. फ्रेम कुठली करायची म्हणून मी ट्रे पुढे केला, तर त्यांनी सरकवून दिला. 'चेहरा बघितल्याशिवाय फ्रेम निवडता येत नाही.' याचा अर्थ मी लावणार नाही. ते येतील, असं मी लिहीत नाही. ते बोलले तेवढं लिहिलं.

आता पुस्तकाचं. गोष्टी पूर्ण झाल्या. बारा आहेत. बदकाची पहिलीच ठेवली आहे, आणि ती मला आवडते, हे लिहिताना मी थांबले नाही.

उत्तरांचं पान मात्र मी काढून टाकलं. तशाच बारा गोष्टी घेऊन संपादिकाबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, 'मग मुलाने असलं एखादं घुबड खरं मानलं तर? तू स्वतः मानलंस, आणि आपण बोलणी खाल्ली!'

मी म्हटलं, 'मी ते मानलं याने फारसं बिघडलं नाही. विचारायला गेले तेव्हा सांगणारं माणूस घरात नव्हतं, त्याने बिघडलं.' मग बाकावर झालेला प्रकार सांगितला, बाबा काय म्हणाले तेही. आणि म्हटलं, शेवटच्या पानावर उत्तरं नकोत, पत्ता द्या. ज्याला जे पकडता आलं नाही त्याने ते लिहून विचारावं. प्रत्येक मुलाला उत्तर जाईल, हाताने लिहिलेलं. आणि उत्तर पाठवताना आम्ही त्यात एखादं नवं खोटं घालू, म्हणजे परत पत्र येईल.

'आम्ही म्हणजे कोण?' त्यांनी विचारलं.

तेव्हा मी ते बोलून बसले, आत्या, तुला न विचारता. म्हटलं, मी आणि माझी आत्या. पुस्तकावर दोघींची नावं.

त्यांनी पानं एकत्र करून टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, 'मुलांना पत्राचं वचन द्यायचं आणि पाळायचं नाही, असं मी होऊ देणार नाही. तुझी आत्या स्वतःच्या तोंडाने हो म्हणाली, तर पत्ता छापते. १७ तारखेच्या सकाळी मला ते कळलं पाहिजे. नाहीतर उत्तरांचं पान, आणि त्यावर चर्चा नाही.'

हो म्हणायच्या आधी तुला हे ठाऊक असावं. पहिल्या पुस्तकाच्या वेळी मुलांची बरीच पत्रं आली होती. काही मुलं एकच प्रश्न तीनदा विचारतात. काही नुसतं चित्र पाठवतात आणि उत्तराची वाट बघतात. तुझ्या वसतिगृहात शंभरावर मुली असताना हे तुला जड जाईल, हे मला कळतं. तू नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही, असं लिहिणार होते. ते खरं नाही. थोडी रागावेन. पण पुस्तक देईन, आणि तुला पत्रं लिहीत राहीन.

पण नाही म्हणायचं असेल तर पत्राने म्हणू नकोस. गोष्टी घेऊन मी येते आहे. बाराच्या बारा तुला मोठ्याने वाचून दाखवीन, तू पकड. आणि माझ्या डोक्यात राहिलेली तुझी, ती तू मला तोंड बघून सांग, सगळी. मग हो की नाही ते सांग. रविवारी संध्याकाळपर्यंत मला परतायला हवं, म्हणजे सोमवारी सकाळी उत्तर घेऊन प्रकाशनाच्या दारात उभी राहता येईल.

तिकीट काढलं आहे. मी शनिवारी, १५ मार्चला, सकाळच्या पहिल्या गाडीने निघते आहे.

तुझी,
वकील